टाके मारले हायेत

आमच्या घरात सकाळ उजाडायची ती आईच्या मशीनच्या आवाजाने. चहा व्हायच्या आत तिच्या पायाखालची पट्टी हलायला लागायची, आणि आर्वीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात तो खडखडाट असा मुरलेला होता, की मशीन थांबली की मला जाग यायची. पुढच्या खोलीत चार मशिनी, त्यांच्या पायांशी चिंध्यांचे ढीग, भिंतीला शाळेच्या गणवेशांचे कागदी नमुने टांगलेले. दुपारी आजूबाजूच्या खेड्यांतून मुली शिवण शिकायला येत. चार मशिनींवर तेरा जणी, म्हणजे नऊ जणी नेहमी भिंतीला टेकून हाताने काजं करत बसलेल्या. आईला सगळे टेलरबाई म्हणत. तिच्या तोंडातली अर्धी भाषा शिवणाची होती. बाबांशी वाद झाला की ती म्हणायची, आज उसवलं. भाजी चांगली जमून आली की, आज फिटिंग बरोबर बसली. आम्हीही तसंच बोलायचो. बोलताना आपण कुठल्या धंद्याचे शब्द वापरतोय, हे त्या धंद्याच्या घरातल्या माणसाला कळत नाही. मला ते जरा महागात पडून कळलं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

बाबा सिंदी रेल्वे या गावी जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाच्या हंगामात तिथेच राहायचे आणि आठवड्याच्या सुट्टीला एक रात्र घरी यायचे, केसांत आणि भुवयांत कापसाची पांढरी लव घेऊन. आई त्यांना आधी अंगणात उभं करून टॉवेलने झटकायची, मग घरात घ्यायची. ते फार बोलत नसत. त्या वर्षी आईने बरीच वर्षं बाजूला टाकलेल्या पैशांतून घरावर एक खोली चढवली होती. क्लास वर न्यायचा, आणखी मशिनी घ्यायच्या, प्रत्येक पोरीला आपली मशीन द्यायची, हे तिचं ठरलेलं होतं. सिमेंटचा जिना काढला असता तर पुढची खोली निम्मी गेली असती. म्हणून बाहेरून, भिंतीला धरून, लोखंडी जिना करायचं ठरलं. आणि तो कोणाकडून करून घ्यायचा हे बघायचं काम माझ्यावर आलं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याचा अर्थ घरच्यांनी असा काढला होता, की मला सगळंच येतं. बँकेचा फॉर्म, गॅसची तक्रार, मोबाइलमधला बिघाड, सगळं माझ्यापुढे येऊन पडायचं. मी आईला म्हटलं, मले वेल्डिंगमधलं काय समजते? ती कापड कापत होती, तिने मान वर केली नाही. "मले तरी कुठं समजते? तू कॉलेजात जाते ना, तूच पाय. फक्त एक ध्यानात ठेव, माह्या पोट्ट्या त्याच्यावरून चढतीन."

हे ती उगीच म्हणाली नव्हती. आदल्या पावसाळ्यात पलीकडच्या गल्लीत एका गॅलरीचं रेलिंग निखळलं होतं. नवंच होतं, रंगाचा वासही गेला नव्हता. कपडे वाळत घालणाऱ्या बाई टेकल्या आणि रेलिंगसकट खाली आल्या. दीड महिना खाटेवर होत्या. मी ते तुटलेलं रेलिंग पाहिलं होतं. जोडाच्या जागी वरवर खरपुडी धरावी तसं लोखंड चिकटलेलं, आणि आत अनारशाला असते तशी जाळी. ते चित्र डोक्यात घेऊनच मी सायकल काढली.

पहिलं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. बाहेर मोरांची नक्षी असलेली फाटकं उभी केलेली, मालकाच्या मोबाइलमध्ये केलेल्या कामांचे शेकडो फोटो. मी बराच वेळ ते फोटो पाहिले, मग घाबरतच विचारलं, की एखाद्या फाटकाची मागची बाजू बघू का. ते हसले. "मागून कोन पाह्यते बाई? पाव्हने तं समोरूनच येतेत ना." तिथले दोन कामगारही हसले. मला लाज वाटली, पण मी वळसा घालून मागे गेलेच. मागे जोड अर्धेच होते, आणि गंजावरच वेल्डिंग केलेलं होतं. दुसऱ्या ठिकाणचा माणूस सज्जन होता, पण त्याच्या वेल्डिंगच्या रॉडचा पुडा ओल्या फरशीवर उघडा पडला होता, आणि काम चालू असताना ठिणगी मोहरी तडतडावी तशी तुटून तुटून उडत होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं. फक्त एवढं वाटलं, की आईची मशीन असा आवाज करायला लागली की ती थांबते आणि तेल घालते. हा माणूस थांबत नव्हता.

तिसरे दौलतभाऊ. बाजाराच्या मागे त्यांचं पत्र्याचं शेड होतं. फाटकं-बिटकं नव्हती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखराचे फाळ, पाण्याच्या टाक्या. पन्नाशीचे, बारीक, हातावर जुन्या भाजल्याचे पांढरे ठिपके. रॉड त्यांनी ओल लागू नये म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवले होते. मी जिन्याचं सांगितलं तर त्यांनी भाव सांगितला नाही. त्यांनी विचारलं, एका वेळी किती जन चढतीन? मी म्हटलं, बारा-तेरा मुली असतील. मशिनी चढतीन का? हो. भिंत विटांची का सिमेंटची? तीन दुकानं झाली होती, आणि जिन्यावर काय चढणार आहे हे विचारणारा हा पहिला माणूस होता.

मी त्यांच्याकडे तासभर तरी उभी असेन. ते काम करत होते आणि मधेमधे बोलत होते. आधी तारेच्या ब्रशने लोखंड चकचकीत होईस्तोवर घासायचे, मग रॉड लावायचे, आणि तो आवाज तेलात पुऱ्या सोडल्यासारखा एकसारखा चालायचा. संपलं की टोकदार हातोडीने वरची काळी साल पाडायची आणि खाली काय आहे ते स्वतःच वाकून बघायचं. टाकी गळते का हे बघायला ते एका बाजूने जोडावर रॉकेल सोडत आणि दुसऱ्या बाजूला खडू घासून ठेवत. फट असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. शेवटी त्यांनी दोन पट्ट्यांचे तुकडे जोडले, शिकंज्यात धरले आणि घणाने ठोकले. पट्टी वाकून दुमडली, जोड तसाच राहिला. तो तुकडा गार झाल्यावर त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, घरी दाखवजो.

मी तो ओढणीत गुंडाळून घरी आणला. आईने चष्मा लावला, तुकडा उजेडात धरला आणि जोडावरून बोट फिरवलं, कॉलरीवरून फिरवते तसं. "टाका एकसारखा हाय," ती म्हणाली. "याच्याचकडून करून घे." दुसऱ्या दिवशी मी दौलतभाऊंना सांगितलं, की आईला तुमचे टाके आवडले. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग हसले आणि माप घ्यायला टेप शोधू लागले. त्या हसण्याचा अर्थ मी तेव्हा विचारायला हवा होता. पण मला विचारायची सवय नव्हती. कॉलेजातही मागच्या बाकावर बसून, न कळलेलं वहीत लिहून घेणारी मी.

जिना दोन भागांत तयार होऊन आला. शेडमध्ये पायऱ्या पक्क्या जोडून आणल्या होत्या. आमच्याकडे करायचं होतं ते म्हणजे दोन भाग एकमेकांना आणि वरच्या फळीला, म्हणजे खोलीच्या दारापुढच्या लोखंडी ओट्याला, जोडायचं. भिंतीत अँगल रोवून झाले. मग दौलतभाऊंनी वेल्डिंगचं मशीन आमच्या मीटरला लावलं, आणि रॉड लोखंडाला चिकटायला लागला. ओढून काढायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा चिकटायचा. लाईन कमी हाय, ते म्हणाले, वीज पुरेशा दाबाने येत नव्हती. त्यांनी कसंबसं इथे थोडं, तिथे थोडं करत जिना उभा धरून ठेवला. तेवढ्यात त्यांना आष्टीहून फोन आला. कोणाची तरी भरलेली ट्रॉली रस्त्यात मोडून पडली होती. ते घाईने केबल गुंडाळायला लागले. मी विचारलं, झाले का टाके? ते म्हणाले, "टाके मारले हायेत. बाकीचं आल्यावर पाहू. तोवर जास्त नाचू नोका त्याच्यावर."

आता हे वाक्य मी कितीदा तरी मनात फिरवलं आहे. त्यात सगळं सांगितलेलं होतं. पण आमच्या घरात टाका म्हणजे शिवण. टाके झाले म्हणजे काम झालं, इस्त्री करून घडी घालायची. बाकीचं म्हणजे पैशांची बाकी, असं मी समजले, आणि नाचू नका हे शेजारच्या पोरांसाठी. चार दिवसांनी त्यांचा फोन आला, की आष्टीतच अडकलोय, यायला उशीर होऊन राह्यला, तर मी म्हटलं, काही घाई नाही भाऊ, बाबा आल्यावर देतोच आम्ही. मग ते म्हणाले, ठीक हाय, मंग आरामात येतो.

मधल्या दिवसांत आम्ही जिना रंगवला. आईने रविवारी क्लास वर न्यायचं ठरवून टाकलं होतं. मुलींच्या घरच्यांना बोलावलं होतं. आमच्याकडे अशा वेळी बुद्धवंदना होते, मग जेवण. मी आधी लाल रंगाचा हात मारला, मग हिरवा. ओट्याच्या खालच्या बाजूला रंगवताना मला दिसलं, की जोड सलग नाही. बोटाच्या पेराएवढा ठिपका, मग चार बोटं फट, मग पुन्हा ठिपका. माझा ब्रश थांबला. दौलतभाऊंनी दिलेल्या नमुन्यावर जोड सलग होता, हे मला आठवलं. पण मी स्वतःला समजावलं, की कापडातही दोन टाक्यांच्या मधे जागा असतेच, तरी शिवण ओढून तुटत नाही. आणि मग त्या फटींमध्ये पुट्टी भरली, सुकल्यावर कागदाने घासली आणि वरून रंग दिला. इतकं गुळगुळीत झालं की आईने शेजारच्या शकुनकाकूंना बोलावून दाखवलं. "माह्या करुणानं सोता उभं राहून काम करून घेतलं," ती म्हणाली. मी त्या फटी माझ्या हाताने बुजवल्या होत्या. पुढच्या सगळ्या गोष्टीत मला सोडवून घ्यायला जागा नाही, ती यामुळे.

शनिवारी दुपारी मशिनी वर चढवल्या. गल्लीतले चौघं आले होते. लोखंडी पायांची जड मशीन, दोघं वरून ओढताहेत, दोघं खालून रेटताहेत. तिसरी मशीन ओट्यावर टेकली तेव्हा मी जिन्याखाली होते. टक् असा आवाज आला. बारीक, सुई मोडल्यासारखा. वर कोणाला ऐकू आला नाही, ते बोलत होते, हसत होते. मी वर पाहिलं. ओट्याच्या खाली, हिरव्या रंगात, केसाएवढी रेघ उमटली होती.

चौथी मशीन चढेपर्यंत मी तिथेच उभी होते. ओरडायला हवं होतं, थांबा म्हणायला हवं होतं. मनात म्हणत होते, रंगच तडकला असेल. लोक गेल्यावर आईच्या कपाटातून मशीनच्या तेलाची कुपी आणि कापडावर खुणा करायचा खडू घेतला. वरून त्या रेघेच्या जागी तेल सोडलं, खाली स्टुलावर उभं राहून खडू घासला आणि आत जाऊन भाकरी थापल्या. सात भाकरी केल्या. एक करपली. परत येऊन पाहिलं तर खडूवर हातभर लांब ओली रेघ होती, तेलाची, अगदी सरळ.

त्या संध्याकाळी आई बुंदीचा पाक मला चाखायला देत होती, उद्या कोण कोण येणार ते मोजत होती. सिंदीहून बाबा आले, अंगणात झटकून घेऊन जेवायला बसले. आंबाडीची भाजी होती, भाकरी होती. मला सांगायचं होतं, प्रत्येक घासाला सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं, की मला फट दिसली होती आणि मी ती बुजवली. दौलतभाऊंना तीन वेळा फोन लावला. बंद होता. मला वाटलं, सकाळी लागेल, ते येतील, कोणाला न कळता करून जातील. आता मी शिकवते, आणि वर्गात एखादी मुलगी उत्तर येत असून गप्प बसते तेव्हा मला राग येत नाही. तिच्या मनात काय चाललंय ते मला माहीत असतं.

सकाळी फोन लागला नाही. नऊ वाजल्यापासून लोक यायला लागले. मुली नवे कपडे घालून, त्यांच्या आया, कोणाच्या कडेवर भाऊ. बाबांनी वर नेऊन टाकायला म्हणून सतरंज्या काढल्या. आई वरच्या दाराला लावायचं तोरण घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, चला व सगळ्या, आधी वर जाऊ. मुलींनी चपला काढल्या. पहिलीचा हात रेलिंगवर पडला, आणि मी तिच्या पुढे जाऊन तिसऱ्या पायरीवर बसले.

उठ ना, मागून कोणीतरी म्हटलं. आईला वाटलं मला चक्कर आली. ती पुढे आली तेव्हा मी म्हटलं, "कोनी चढू नोका. जोड पक्का नाई."

"काय नाई?"

"वरचा जोड. काल आवाज आला होता. मी तेल टाकून पाह्यलं."

आईचा चेहरा असा झाला होता, की मी तो आजही स्वतःला पूर्ण आठवू देत नाही. लोकांसमोर ती खालच्या आवाजात म्हणाली, की काल रात्रभर तोंड होतं ना तुला. शकुनकाकू म्हणाल्या, "कॉलेजातल्या पोरीची परीक्षा सुरू झाली वाटते बाप्पा, पाव्हने उपाशी." एक-दोघी हसल्या. कोणाची तरी आई म्हणाली, काल चार मानसं मशीन घेऊन चढली, तवा काही झालं नाई. ते खरंच होतं. कदाचित तेरा मुली चढल्या असत्या आणि काहीच झालं नसतं, ही शक्यता मला तिथे बसल्या बसल्या सगळ्यांत जास्त घाबरवत होती. आई म्हणाली, उठ करुणे. मी रेलिंग धरून बसून राहिले.

मग बाबा आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओट्याखाली जाऊन मान वर करून पाहिलं. खांद्यावरची सतरंजी खाली घेतली आणि अंगणात अंथरली. मग दुसरी आणली, तीही अंथरली. लोक एकमेकांकडे बघत हळूहळू बसले. वंदना अंगणात झाली. मी तिसऱ्या पायरीवरच हात जोडले.

वंदना संपता संपता माझा फोन वाजला. दौलतभाऊ होते. मी सांगायला लागले तसं ते मधेच म्हणाले, रंग? रंग कोनं मारला? मी सांगितलं. ते म्हणाले, "कोनाले चढू देऊ नोको. मी निंगालो." आष्टीहून यायला दीड तास लागला. भाड्याच्या गाडीत मागे जनरेटर बांधून आणला होता. लोकांची जेवणं चालली होती. त्यांनी कोणाला नमस्कार-बिमस्कार केला नाही, सरळ स्टुलावर चढून पटाशीने ओट्याखालचा रंग खरवडला. पुट्टीचे तुकडे त्यांच्या चेहऱ्यावर पडले. खाली ठिपके उघडे झाले. सहा होते. दोन मधून तडकलेले.

ते खाली उतरले आणि आईला म्हणाले, "वैनी, मी टाके मारून गेलतो. टाका मंजे नुसतं धरून ठेवनं. पक्कं काम बाकी होतं."

आईच्या हातात वाढायचा डाव होता. "आमच्यात टाका मंजे पक्कं, भाऊ," ती म्हणाली. "कच्च्याले आमी धावदोरा म्हनतो."

मग दौलतभाऊ माझ्याकडे वळले. मला वाटलं आता ते ओरडतील. मी म्हटलं, मले फटी दिसल्या होत्या. मीच बुजवल्या. हे आईने, बाबांनी, शकुनकाकूंनी, सगळ्यांनी ऐकलं. दौलतभाऊ म्हणाले, "आन मले तू म्हनली घाई नाई, तं मी इचारलं का, कायची घाई नाई? मीबी नाई इचारलं." एवढं बोलून ते जनरेटर उतरवायला गेले. मी त्यांच्याबद्दल पुढे अनेकांना सांगितलं, चांगला वेल्डर कसा ओळखायचा असं कोणी विचारलं की सांगते. डबा, ब्रश, हातोडी हे सगळं सांगते. पण माझा त्यांच्यावर खरा विश्वास बसला तो त्या वाक्याने.

मग ग्राइंडरने रंग उतरला, पुट्टी उडाली, जळक्या तेलाचा वास अंगणभर पसरला. लोक हात धुऊन बाजूला सावलीत बसले. कोणी घरी गेलं नाही. पुऱ्या तळल्यासारखा तो एकसारखा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. दौलतभाऊंनी मला काळी काच दिली होती. तिच्यातून एक हिरवट ठिपका हळूहळू फट खात पुढे सरकताना दिसत होता. तासाभराने त्यांनी मुखवटा वर केला, घाम पुसला आणि टोकदार हातोडी माझ्यापुढे धरली.

"आता तू पाय. तू हो म्हनली तं चढतीन."

मी म्हटलं, मले काय समजते. ते म्हणाले, जेवढं समजते तेवढं पाय. मी स्टूल सरकवत एकेक जोड पाहिला. साल पाडली, ब्रश मारला, वाकून बघितलं, हातोडी वाजवली. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. ऊन डोक्यावर आलं होतं. आठ जोड झाले, दहा झाले. शेवटचा ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून होता. तिथे पाडायला सालच नीट नव्हती. लोखंड गोळा होऊन वर बसल्यासारखं दिसत होतं, आणि त्याच्या कडेखाली माझं नख अडकलं. मी पुन्हा नख फिरवलं. पुन्हा अडकलं. कदाचित तसंच असतं, मला वाटलं. कदाचित कोपऱ्यात तसंच होतं. त्यांची पंचवीस-तीस वर्षं यात गेलेली, माझे पंधरा दिवस. शकुनकाकू म्हणाल्या, झालं का व? आई पदर खोचून पहिल्या पायरीशी उभी होती.

"हा नाई," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला, की पुन्हा म्हणावं लागलं. "हा जोड मले बरोबर नाई वाटत."

दौलतभाऊ म्हणाले, काऊन? मी म्हटलं, नख अडकते. ते स्टुलावर चढले, स्वतःचं नख फिरवलं, डोकं तिरकं करून बराच वेळ बघितलं. "हात पोचत नोता इथं," ते म्हणाले, मला नाही, स्वतःलाच. मग खाली उतरले आणि शिडी मागवली. आमच्या जिन्यावर पाय न ठेवता ते शिडीने खोलीच्या दारात गेले, उंबऱ्यावर पालथे पडले, आणि डोकं ओट्याच्या बाजूने खाली लोंबकळत ठेवून त्यांनी तो जोड घासून काढला. मग तसंच पालथं पडून पुन्हा केला. त्यांच्या मानेवर ठिणग्या पडत होत्या. बाबा शिडीवर उभे राहून ओल्या गोणपाटाने त्या विझवत होते.

मी पुन्हा पाहिलं. साल एका फटक्यात सुटून आली. नख कुठेच अडकलं नाही. मी म्हटलं, हो.

आईने चपला काढल्या आणि चढायला लागली. कोणी तिच्या मागे गेलं नाही. मला तिची एकेक पायरी ऐकू येत होती. ती ओट्यावर पोचली, मधोमध उभी राहिली, वळली, आणि खाली मुलींकडे बघून म्हणाली, "या व पोट्टीहो. एक एक नोको. सगळ्याच या."

तेरा जणी एकदम निघाल्या, एकमेकींना धक्के देत, हसत. मी जिन्याखाली गेले, स्टुलावर चढले आणि त्या आतल्या कोपऱ्यातल्या जोडाला खालून तळहात लावला. लोखंड अजून कोमट होतं. माझ्या हातावरून सगळ्या जणी वर गेल्या.